चार बरण्या आणि एक दाढ

आत्याचे केस हिरवे झाले आहेत हे इमारतीत सगळ्यांच्या लक्षात आलं, फक्त तपासनिसांच्या आलं नाही. या माणसाचं उभं आयुष्य विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात गेलं होतं. पाय मोडला म्हणणाऱ्याला ते आधी दोन्ही पाय दाखवायला लावत. अशा माणसाच्या घरात, रोज समोर बसून चहा पिणाऱ्या सख्ख्या आत्याच्या पांढऱ्याशुभ्र केसांवर कोवळ्या गवताची झाक यावी आणि ती शेजारणीनं दाखवून द्यावी, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. तपासनीस हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बादली घेण्याआधी ती दुकानातच पाण्यानं भरून बघणाऱ्या आणि छत्री घेण्याआधी ती उघडून दुकानाबाहेरच्या नळाखाली उभं राहणाऱ्या माणसाला इमारतीनं दुसरं काय म्हणायचं?

आत्याला स्वतःला मात्र काही वाटलं नव्हतं. "इतकी वर्षं माझ्या केसांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं," ती म्हणाली. "आता लिफ्टमधली माणसं वळून बघतात."

दोष पोहण्याच्या तलावाचा होता. इमारतीच्या मागे एक छोटा तलाव आहे. तलाव म्हणायचं ते आपलं मोठेपणानं, चार जण एकदम उतरले तर पाचव्यानं वाट बघावी एवढाच. पण आत्याला तो समुद्राहून मोठा होता. तिचा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली की कोमट पाण्यात चाला. जमिनीवर आत्याला काठी लागे, भिंत लागे आणि शिवाय तपासनिसांचा दंड लागे. छातीभर पाण्यात उतरली की मात्र काठी नको, भिंत नको, आणि तपासनीस तर नकोतच. "तू हो बाजूला, मला जाऊ दे," असं म्हणून ती निघायची ती थेट पलीकडच्या कठड्यापर्यंत. जन्मभर एकटी राहिलेली, एकटीनं नोकरी केलेली, एकटीनं हिंडलेली बाई ती. आता साऱ्या जगात एकटीनं चालायची तिची तेवढी एकच जागा उरली होती.

त्या जागेवर संकट आलं ते लोकांच्या डोळ्यांमुळे. क्लोरीननं डोळे चुरचुरतात अशी तक्रार झाली, म्हणून कमिटीनं तलावाचं पाणी खारं करून घेतलं. त्या पद्धतीत पाण्यात मीठ टाकतात आणि एक यंत्र त्या मिठातूनच पाणी स्वच्छ ठेवतं. डोळ्यांचं चुरचुरणं थांबलं. पण पाणी तापवणाऱ्या पेटीला कोणी विचारलंच नाही की बाई, तुला मीठ चालतं का. या पेटीला हीट एक्स्चेंजर म्हणतात. तिच्यात नळ्या असतात. नळ्यांच्या आतून बॉयलरचं गरम पाणी जातं, बाहेरून तलावाचं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, नुसती ऊब इकडून तिकडे जाते, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन भांडकुदळ जावांच्या घरांतून जावी तशी. जुन्या पेटीतल्या नळ्या तांब्याच्या होत्या. मिठानं त्या हळूहळू खाल्ल्या, खाल्लेलं तांबं तलावात आलं आणि तलावातून आत्याच्या केसांत गेलं. शेवटी नळ्यांना भोकं पडली, पेटी बंद झाली आणि तलाव गार पडला. गार पाण्यात आत्याच्या पायात गोळे यायचे, म्हणून तिचं उतरणं बंद झालं.

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना इमारतीतच होता आणि त्यांच्या पेशंटांना गाडी लावायला जागा मिळत नव्हती. दुखणाऱ्या दाढेनिशी माणूस इमारतीला चकरा मारतो हे त्यांना बघवत नसे, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. ते बैठकीत म्हणाले, "पेटी बदलली तरी मीठ आहे तिथंच आहे. पुन्हा गंजेल, पुन्हा केस हिरवे. त्यापेक्षा तलाव बुजवू आणि पार्किंग करू."

लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा तपासनीस उठून उभे राहिले. आपण उठलोय हे त्यांना स्वतःलाच उशिरा कळलं.

"न गंजणारी पेटी मी शोधतो," ते म्हणाले.

"नुसती शोधून उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "गंजणार नाही हे सिद्ध करून दाखवा. पुढच्या बैठकीत. नाही जमलं तर पार्किंग."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला पोहता तरी येतं का?" या प्रश्नाचा पेटीशी काडीचाही संबंध नव्हता, म्हणून तपासनिसांनी त्याला उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर निदान आजाराचं नाव तरी विचारून मग सल्ला देतात. पेटीच्या बाबतीत तेवढंही पथ्य कोणी पाळलं नाही. वरच्या मजल्यावरचे चार्टर्ड अकाउंटंट म्हणाले, प्लॅस्टिकच्या नळ्या लावा, प्लॅस्टिक कधी मरत नाही. शेजारीणबाईंचं म्हणणं पडलं की तलावातून मीठच काढून टाकावं. विरघळलेलं मीठ कसं काढायचं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते मी कसं सांगणार? ते तुम्ही बघा." तपासनिसांचे व्याही तर दुसऱ्या गावाहून फोन करून म्हणाले की पेटीला आतून रंग द्या. सगळे उंटावरचे शहाणे. तपासनिसांनी प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेतलं, कारण दावा कितीही खोटा असला तरी तो पुरा ऐकायचा, ही त्यांची जुनी शिस्त होती.

मग ते परवानगीचं विचारायला सरकारी कचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं, पेन कानावर ठेवलं आणि म्हणाला, "पाणी तापवायचं असेल तर बॉयलर विभाग. पोहायचं असेल तर क्रीडा विभाग."

"तापवलेल्या पाण्यात पोहायचंय," तपासनीस म्हणाले.

"तसा विभाग नाही," कारकून म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "पोहणार कोण?"

"आत्या. पण ती पोहत नाही, चालते."

कारकुनाचा चेहरा खुलला. "चालण्याला परवानगी लागत नाही," असं म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली. तपासनिसांना वाटलं, सरकारी नोकरीत इतकं स्वच्छ उत्तर देणारा माणूस आपण पहिल्यांदाच पाहिला.

दुकानदारांची तऱ्हा निराळीच. तांब्याच्या पेट्या विकणारा म्हणाला, "काका, तांब्यासारखी ऊब कोणी देत नाही." स्टीलवाला म्हणाला, "गंज हा शब्द आमच्या दुकानात नाही." तिसऱ्याकडे तांबं आणि निकेल एकत्र करून केलेल्या नळ्या होत्या. तो म्हणाला, जहाजांवर हेच वापरतात. आणि चौथ्या दुकानदारानं, जो सगळ्यांत कमी बोलत होता, एक करड्या रंगाचा मरगळलेला तुकडा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "टायटॅनियम. महाग आहे." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आपला माल महाग आहे हे आधी सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की संशय घ्यायचा, हे तपासनिसांच्या शास्त्रात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा त्यांनी आपल्या स्वभावाला धरून जे करायचं तेच केलं. चारही दुकानांतून एकेक तुकडा मागून आणला. घरातल्या चार काचेच्या बरण्या रिकाम्या केल्या, म्हणजे बायकोला करायला लावल्या. त्यांत तलावाचं पाणी भरलं, निकाल लवकर लागावा म्हणून वरून आणखी मूठमूठ मीठ टाकलं, आणि एकेका बरणीत एकेक तुकडा सोडून सगळ्या बरण्या उन्हाच्या गॅलरीत ओळीनं मांडल्या. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी तुकड्यावरून पेटीची. मग सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावून त्यांनी जाहीर केलं, "या बरण्यांना कोणीही हात लावायचा नाही. बैठकीच्या दिवशी मीच त्या उघडणार."

खरं तर त्यांना रोज डोकावायचा मोह व्हायचा. पण मधेच डोकावणारा तपासनीस पक्षपाती होतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून गॅलरीकडे पाठ करून ते पेपर वाचत बसत. आत्या मात्र गॅलरीतच बसे. तलाव बंद झाल्यापासून तिला दुसरीकडे जायचं कुठं होतं? काठी टेकत खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत, एवढंच तिचं जग झालं होतं. बोलणंही कमी झालं होतं. एकदा तपासनिसांनी दंड पुढे केला तेव्हा मुकाट्यानं धरून ती उठली. 'हो बाजूला' म्हणाली नाही. त्या दिवशी तपासनिसांना जेवण गेलं नाही.

बैठकीच्या दिवशी त्यांनी बरण्या उघडल्या आणि ते थक्क झाले. चारांतले तीन तुकडे लखलखत होते. स्टील स्वच्छ होतं, नीट बघितलं तर कुठे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसत, पण चकाकत होतं. तांबं-निकेल रुप्यासारखं दिसत होतं. तांबं तर असं झळकत होतं की त्यात तपासनिसांना स्वतःचा चेहरा दिसला. फक्त टायटॅनियमचा तुकडा आणला तसाच होता, करडा आणि मरगळलेला. तपासनिसांना पटेना. पण पुरावा पुढ्यात असताना न पटणं हा त्यांच्या धंद्यात गुन्हा होता. सगळे तुकडे एका ताटात मांडून, वर पांढरा रुमाल घालून ते बैठकीला निघाले. मागून बायकोचा दंड धरून आत्या आली.

"मी निःपक्षपातीपणे परीक्षा केली आहे," तपासनीस उभे राहून म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला. "मिठाच्या पाण्यात राहून सगळ्यांत उत्तम ठरलं ते तांबं."

मग डॉक्टर अगदी हळुवारपणे म्हणाले, भूल देताना बोलावं तसं, "जुनी पेटी कशाची होती?"

"तांब्याची," तपासनीस म्हणाले.

"आणि आत्यांचे केस कशानं हिरवे झाले?"

तपासनिसांनी हातातल्या ताटाकडे पाहिलं. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं, आणि इथं तर हात नव्हे, ताटच दाखवलं होतं. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला.

"तांबं लख्ख असायला काय झालं? मी रोज घासत होते ना."

"तू काय करत होतीस?" तपासनीस म्हणाले.

"घासत होते. तुझी पाठ असायची तेव्हा. त्या बरण्यांत तो हिरवट राप बघून मला बसवेना. घरात कळकट वस्तू ठेवायची नाही हे मला माझ्या आईनं शिकवलंय, तुझ्याच आजीनं."

"पण हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं."

"बरण्यांना लावायचा नाही म्हणालास. बरण्यांना मी नाहीच लावला. चिमट्यानं तुकडे तेवढे बाहेर काढायची, पावडर लावून घासायची आणि पुन्हा आत सोडायची."

अख्खी बैठक हसली. चार्टर्ड अकाउंटंट तर खुर्चीवरून घसरता घसरता राहिले. तपासनीस ताट धरून तसेच उभे होते. एखाद्या माणसाचं नाक कापलं गेलं तर तो निदान रुमाल तरी लावतो, पण त्यांचा रुमालही ताटाखाली अडकला होता. डॉक्टर म्हणाले, "तर मग पार्किंगचं मतदान घेऊ." आणि हात वर होऊ लागले.

तपासनिसांनी आत्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. आपल्या हातून काहीतरी मोडलंय हे कळलेल्या मुलासारखी ती काठीच्या मुठीकडे बघत होती. स्वतःची अब्रू जायची ती गेली होती, तिचं त्यांना एकदम काहीच वाटेनासं झालं. आणि नेमक्या त्याच वेळी, इतक्या वर्षांच्या नोकरीत जे एकच शहाणपण त्यांनी कमावलं होतं ते जागं झालं. दावा खोटा ठरला म्हणून साक्षीदाराला घालवायचं नाही, त्याला आणखी एक प्रश्न विचारायचा.

"थांबा," ते म्हणाले. "आत्या, कुठल्या तुकड्याला किती घासावं लागलं?"

आत्यानं मान वर केली. हा प्रश्न तिच्या हुकमतीतला होता. "तांब्यानं माझा जीव खाल्ला," ती म्हणाली. "आज लख्ख करावं तर उद्या पुन्हा हिरवं. मनगट भरून यायचं. ते जहाजाचं म्हणालास ते बरं होतं, मधूनमधून काळवंडायचं तेवढंच. स्टील वरवर साळसूद, पण त्याला बारीक तांबडे ठिपके पडायचे. ते खरवडले की खाली खड्डा. खड्डा कसा घासणार?"

"आणि तो करडा?"

"तो?" आत्यानं नाक मुरडलं. "पहिल्या दिवशी घासला. चमकेचना. दुसऱ्या दिवशी बघितला तर होता तसाच. मग त्याला कधी हात लावला नाही. मला नाही आवडला तो, त्याला कोणाची गरजच नाही."

आता कोणी हसलं नाही. वर गेलेले हात कोणी डोकं खाजवत, कोणी चष्मा सारखा करत खाली आले. तपासनीस तांब्याला विसरून तो करडा तुकडा चिमटीत धरून उभे होते. त्यांना हवा तो पुरावा याहून पक्का कुठल्या प्रयोगशाळेनं दिला असता? ज्या वस्तूला आत्याच्या हातांची गरज लागत नाही, ती या जगात गंजणारी वस्तूच नव्हे.

पण डॉक्टर हटले नाहीत. "बरणीत थोडे दिवस टिकलं म्हणून तलावात वर्षानुवर्षं टिकेल कशावरून? मीठ, गरम पाणी, गार पाणी, रोजच्या रोज. आणि हे आहे तरी काय?"

"टायटॅनियम," तपासनीस म्हणाले.

"काय म्हणालास?" आत्यानं विचारलं. "पुन्हा म्हण." तपासनिसांनी पुन्हा सांगितलं. आत्या काठी टेकत उठली, कोणाचा दंड न धरता डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेली, आणि तिनं आ केला. एका बोटानं गाल बाजूला ओढून ती दाढ दाखवत राहिली. डॉक्टर सवयीनंच पुढे वाकले. मग बोट काढून ती म्हणाली, "ही तुम्हीच बसवलीत. मी घाबरले होते तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतंय? आत टायटॅनियमचा स्क्रू आहे, म्हणालात. तोंडात रात्रंदिवस खारट लाळ, वरून कढत चहा, त्यावर गार पाणी, तरी मी गेल्यानंतरही तो शाबूत राहील, म्हणालात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तपासनीस चार दुकानं हिंडले, कचेरीत गेले, बरण्या मांडल्या, आणि उत्तर त्यांच्याच समोर बसून रोज चहा पीत होतं.

डॉक्टर खुर्चीवरून उठले. मग त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि म्हणाले, "आत्या, जरा पुन्हा उघडा." त्यांनी दाढ नीट पाहिली, बोटानं हलवून पाहिली, हिरडी दाबून पाहिली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा अध्यक्ष निघून गेला आणि नुसता कारागीर उरला. आपलं काम इतक्या वर्षांनी असं ठणठणीत भेटलं की माणसाला पार्किंग कुठलं आठवतंय? माणूस धंद्यानं सच्चा होता, त्याच्या शब्दाची त्याला चाड होती. त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे, आणि तपासनिसांनी त्या दिवसापासून मानलं.

"टायटॅनियम चालेल," डॉक्टर बैठकीकडे वळून म्हणाले. "माझा अनुभव आहे." मग जरा अडखळून म्हणाले, "पण महाग आहे."

"दाढही महागच होती," आत्या म्हणाली. "पण अजून चावतेय ना."

पेटी आली, बसली आणि पाणी कोमट झालं. त्याआधी तपासनिसांनी ती उघडून आतली एकेक नळी डोळ्याला लावून पाहिली हे सांगायला नकोच. आत्यानंही पाहिली. "आत हात जात नाही," ती काळजीनं म्हणाली. "मग घासायची कशी?" घासायची गरजच नाही, असं तपासनिसांनी पुन्हा पुन्हा सांगूनही तिचं समाधान झालं नाही. शेवटी पेटीचं बाहेरचं झाकण तिच्या वाट्याला द्यायचं ठरलं. ते झाकण इमारतीत सगळ्यांत लख्ख आहे.

पहिल्या दिवशी सकाळी तपासनीस तिला तलावावर घेऊन गेले. पायऱ्या उतरेपर्यंत तिनं त्यांचा दंड धरला होता. पाणी छातीपर्यंत आलं तशी तिची बोटं एकेक करून सुटली. तिनं काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "तू हो बाजूला."

तपासनीस बाजूला झाले. ती निघाली. हात मोकळे, मान ताठ, आणि केस पुन्हा पांढरेशुभ्र. पलीकडच्या कठड्याला पोचून ती वळली आणि त्यांच्याकडे न बघताच परत निघाली. तपासनिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता या पाण्यानं कोणाचे डोळे चुरचुरत नव्हते, त्यामुळे दोष कशावर ढकलायचा हेही त्यांना सुचेना. ते नुसते तिची काठी टेकून, जरा पुढे वाकून बघत राहिले.

तेवढ्यात इमारतीत नव्यानं राहायला आलेली एक बाई तिथून चालली होती. काठीवर भार देऊन उभे असलेले, डोळे पुसणारे हे गृहस्थ बघून ती थबकली. "काका, फरशी ओली आहे," ती हळूच म्हणाली. "हात देऊ का?"

एरवी या प्रश्नावर तपासनिसांचा स्वाभिमान चांगला फणफणला असता. काठी माझी नव्हे, ती त्या तिकडे चाललेल्या बाईंची आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध करून दिलं असतं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. आत्या तलावाच्या बरोबर मधे होती, कठड्यापासून लांब, एकटी.

"द्या," ते म्हणाले, आणि त्या बाईचा हात धरून काठी टेकत टेकत बाकावर जाऊन बसले.